आम्ही सोडलेला मासा जातो कुठे?

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : समुद्रातल्या पिल्लांच्या वाटांचा नकाशा काढण्याबाबत

महोदय,



मालवणच्या किनाऱ्यावरची जुलैतली एक संध्याकाळ. मासेमारीबंदीचे दिवस. बोटी वर ओढून झापांखाली झाकलेल्या. दोन सिलिंडरच्या एका बोटीचे मालक शेजारी बसून जाळं विणत होते. मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यांचा धाकटा मुलगा माझा विद्यार्थी. त्यामुळे गप्पा मोकळ्या होत्या. बंदी पाळता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, पाळतो. मग सुई थांबवून त्यांनीच मला विचारलं, "मास्तरानू, आमी सोडलेलो मासो जाता खंय?"

मला प्रश्न कळला नाही, तेव्हा त्यांनी हिशेब मांडला. दोन महिने बोट वर, बँकेचा हप्ता मात्र चालू. या दोन महिन्यांत न मारलेल्या माशाची पिल्लं मोठी होऊन माझ्याच जाळ्यात आली, तर ती माझी ठेव. ती वाहत गेली आणि दुसऱ्या कुणी मारली, तर ते माझं दान. "दान करूक माजी हरकत नाय. पण मी दान करतंय ह्यां माका कळाक व्हया."

वर्गात उत्तर न येणारा विद्यार्थी जसा खाली बघतो, तसा मी त्या दिवशी वाळूकडे बघत बसलो. हे पत्र म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. अर्धं मी देऊ शकतो. उरलेलं अर्धं आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून ते आपल्याला उघडपणे लिहितो.

बाजारात दिसणारा बहुतेक प्रत्येक जीव आयुष्यात दोन निरनिराळ्या जगांत राहतो. बांगडा, पापलेट, कोळंबी, चिंबोरी, शेवंड, खडकावरची कालवं या सगळ्यांची सुरुवात काही मिलिमीटरच्या किंवा त्याहूनही छोट्या, बहुधा पारदर्शक, पाण्यात तरंगणाऱ्या पिल्लापासून होते. पाठ्यपुस्तकात त्याला डिंभ म्हणतात. संस्कृतात डिंभ म्हणजे बाळ, तेव्हा शब्द चपखल आहे. हे बाळ आईबापासारखं अजिबात दिसत नाही. चिंबोरीच्या डिंभाला डोक्यावर काटा आणि मागे लांब शेपूट. ते इतकं वेगळं की युरोपातल्या शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र प्राणी समजून ‘झोइया’ असं नावही देऊन टाकलं होतं. तो खेकड्याचाच बालावतार आहे, हे आयर्लंडमध्ये जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी 1830 च्या सुमाराला दाखवलं. उलटी चूक आपल्याकडे घरोघरी होते. जवळा म्हणजे कोळंबीचं पिल्लू, असं निम्मा महाराष्ट्र मानतो. जवळा ही स्वतंत्र जात आहे आणि पूर्ण वाढूनही ती तेवढीच राहते. मात्र त्याच डोलजाळ्यात जवळ्याबरोबर दुसऱ्या माशांची आणि कोळंबीची खरी पिल्लंही येतात, आणि ती जवळ्याच्याच भावात सुकवली जातात.

हे डिंभ समुद्रात किती काळ भटकतात, ते जातीवर ठरतं. कोळंबी खोल पाण्यात अंडी सोडते. पिल्लू दोन-तीन आठवड्यांत तीन-चार रूपं बदलत किनाऱ्याकडे येतं, खाडीत शिरतं, तिवरांच्या मुळांत वाढतं आणि मोठं होऊन परत समुद्राकडे वळतं. चिंबोरीची मादी अंडी घेऊन खाडीतून बाहेर जाते. एका मादीच्या पोटाखाली दहा लाखांहून अधिक अंडी असू शकतात, आणि त्यांतली परत खाडीत पोचणारी पिल्लं बोटांवर मोजण्याइतकी. शेवंडीचं पिल्लू तर पानासारखं चपटं आणि काचेसारखं आरपार दिसणारं. ते कित्येक महिने उघड्या समुद्रात वाहत राहतं. म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर उतरलेली शेवंड कुठल्या आईची, हे तिच्याकडे बघून कुणीही सांगू शकत नाही.

कासवाच्या बाबतीत माग काढणं तुलनेनं सोपं आहे. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं गेलं आणि ती कुठं फिरते आहे, हे घरबसल्या पाहता आलं. तीन मिलिमीटरच्या पिल्लाच्या पाठीवर असं काय बसवणार? तरीही माणसानं त्या पिल्लांचा माग काढलाय, आणि तो कसा काढला, हीच माझ्या पत्राची मुख्य कथा आहे.

पहिली रीत चिकाटीची. युरोपच्या नद्यांत राहणारी वाम अंडी कुठं घालते, हे शतकानुशतकं कुणाला ठाऊक नव्हतं. 1904 मध्ये डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांना फॅरो बेटांजवळ वामीचं 77 मिलिमीटरचं डिंभ सापडलं. त्यांनी साधा विचार केला : जिथं पिल्लं लहान, ती जागा माहेराच्या जवळची. पुढची जवळजवळ दोन दशकं ते अटलांटिक महासागर जाळीनं गाळत राहिले. नकाशावर पिल्लांची लांबी लिहीत गेले. पश्चिमेला जावं तसं पिल्लू लहान होत गेलं आणि अखेर सर्गासो समुद्रात दहा मिलिमीटरहून छोटी पिल्लं मिळाली. युरोपातल्या वामीचं माहेर हजारो किलोमीटर दूर, अमेरिकेच्या बाजूला निघालं. या शोधासाठी लागलं ते एक बारीक जाळं, एक पट्टी आणि न कंटाळणारा माणूस.

दुसरी रीत माशाच्या डोक्यातच आहे. ढोमीचं डोकं चोखताना दाताखाली पांढरा खडा येतो. तो माशाच्या कानातला खडा. झाडाच्या खोडात वर्षाची वलयं असतात, तशी या खड्यात दिवसाची वलयं असतात. ज्योर्ज्यो पानेला यांनी हे 1971 मध्ये दाखवलं. मासा किती दिवसांचा, हे त्यावरून मोजता येतं. वलयं नुसती दिवस सांगून थांबत नाहीत. त्या दिवशी मासा ज्या पाण्यात होता, त्या पाण्यातले स्ट्रॉन्शियम, बेरियम यांसारखे धातू त्या थरात अडकून राहतात. खाडीचं पाणी आणि उघड्या समुद्राचं पाणी यांची चव जशी वेगळी, तशी त्यांची रासायनिक खूणही वेगळी. म्हणून खड्याचा मधला भाग जन्मस्थळ सांगतो आणि बाहेरची कड शेवटचा मुक्काम. जन्मदाखला आणि प्रवासाचं तिकीट एकाच खड्यात.

तिसरी रीत आणखी धीट : पिल्लावर जन्माआधीच खूण करायची. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या लिझर्ड बेटाजवळ संशोधकांनी एका छोट्या माशाची एक कोटीहून अधिक अंडी टेट्रासायक्लिनमध्ये भिजवून खुणावली. त्या औषधाचा डाग कानाच्या खड्यात राहतो आणि खास प्रकाशात चमकतो. पुढे प्रवाळावर आलेली सुमारे 5000 पिल्लं तपासली. त्यांत खुणेची निघाली फक्त 15. ऐकताना आकडा हसण्यासारखा वाटतो. पण एकूण अंड्यांतली किती खुणावली होती, हे माहीत असल्यानं गणित मांडता आलं : तिथं वाढणाऱ्या पिल्लांपैकी 15 ते 60 टक्के पिल्लं त्याच बेटाच्या आसपास जन्मलेली होती. हा निष्कर्ष 1999 चा. तोवर बहुतेकांचा समज असा की, डिंभ म्हणजे वाऱ्यावरचा कापूस, जिकडे प्रवाह तिकडे तो. पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरात पुढे मादीलाच बेरियमच्या एका वेगळ्या रूपाचं इंजेक्शन दिलं गेलं आणि ती खूण तिच्या पिल्लांच्या खड्यांत उतरली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दोन जातींची परत आलेली पिल्लं पाहिली. त्यांतली सुमारे 60 टक्के घरचीच होती. दोन जातींपैकी एका जातीचं पिल्लू महिनाभराहून अधिक काळ पाण्यात तरंगतं, तरीही ते घरी परतलं होतं.

चौथी रीत आज न्यायालयातही चालते : डीएनए. मोठ्या माशाच्या परातला चिमूटभर तुकडा, पिल्लाच्या परातला चिमूटभर तुकडा, आणि दोन्ही जुळतात का ते पाहणं. मालवणच्या त्या प्रश्नाचं उत्तर याच रीतीनं मिळालं. फक्त ते मालवणासाठी मिळालं नाही, ऑस्ट्रेलियातल्या केपल बेटांसाठी मिळालं.

तिथली गोष्ट अशी. बेटांभोवतीच्या प्रवाळाचा 28 टक्के भाग मासेमारीला बंद होता. आपल्या गोबऱ्याच्या आणि तांबोशीच्या जातकुळीतले दोन मासे तिथं महत्त्वाचे. स्थानिक लोकांचा प्रश्न तोच : आमच्यासाठी बंद केलेल्या जागेचा आम्हाला काय फायदा? संशोधकांनी बंद भागातल्या मोठ्या माशांचे आणि सगळ्या भागांतल्या पिल्लांचे नमुने घेतले, आईबाप जुळवले. 2012 मध्ये निकाल आला. 28 टक्के जागेतून सुमारे 30 किलोमीटरच्या टापूतली जवळजवळ निम्मी पिल्लं येत होती. त्यांतली बरीचशी मासेमारीला खुल्या असलेल्या भागात जाऊन वाढत होती. म्हणजे सोडलेला मासा थोडा दान होता, थोडी ठेव होती, आणि दोन्हींचं प्रमाण कागदावर दाखवता येत होतं.

महोदय, आता आपल्या समुद्राकडे येतो.

आपला समुद्र वर्षातून दोनदा दिशा बदलतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या दिवसांत उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. थंडीत तो उलटतो आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहू लागतो. त्या वेळी बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याला लागून वर येतं. गोव्यातल्या दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे अनेक वर्षांच्या मोजमापांतून मांडलेलं आहे. प्रवाह सेकंदाला अवघा 10 सेंटिमीटर धरा. मुंगीची चाल. तरी दिवसाला साडेआठ किलोमीटर होतात, आणि वीस दिवसांत 170. रत्नागिरीहून पणजी सरळ रेषेत जवळपास तेवढीच आहे. म्हणजे रत्नागिरीसमोर पावसाळ्यात सुटलेलं अंडं नुसतं वाहत गेलं, तर पिल्लू म्हणून ते गोव्याचं होईल. थंडीत गोव्यात सुटलेलं रत्नागिरीचं होईल. सीमेवर राज्याची पाटी आपण लावली. पिल्लांनी ती वाचलेली नाही.

पण पिल्लू नुसतं वाहत नाही, हेही तितकंच खरं. कोळंबीचं पिल्लू भरतीच्या वेळी वर येतं आणि ओहोटी लागली की तळाशी बसतं. भरती त्याला खाडीत ढकलते, ओहोटी त्याच्या डोक्यावरून निघून जाते. इंजिन नसताना फक्त वेळ साधून खाडी गाठणारा तो जुना शिडाचा तांडेलच. प्रवाळावरच्या माशांची पिल्लं वासावरून आणि आवाजावरून किनारा शोधतात. किनाऱ्याच्या टोकांमागे पाणी भोवऱ्यासारखं घुटमळतं, तिथंही ती अडकून राहतात. म्हणून नुसता प्रवाहाचा नकाशा काढून ‘कुणाचं पिल्लू कुणाकडे’ हे ठरत नाही. प्रवाहाचं गणित आणि पिल्लाची वागणूक दोन्ही एकत्र मांडावी लागतात आणि मग समुद्रातून नमुने आणून पडताळावी लागतात.

आता आपल्या खात्याच्या कागदांकडे पाहू. बंदीच्या आदेशात तारखा आहेत : 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. केरळात ट्रॉलिंगबंदी 52 दिवसांची. 2023 मध्ये राज्यानं पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी 54 प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. हे निर्णय चांगले आहेत, त्यांचं मी मनापासून स्वागत करतो. कोवळं पापलेट जाळ्यात येतं म्हणून सातपाटीचे मच्छीमार स्वतःच ओरडत होते, त्यांच्या ओरडण्याला त्यामुळे कायद्याचा आधार मिळाला. पण या सगळ्या कागदांत मिलिमीटर आहेत, दिवस आहेत, दंड आहेत. कुणाची पिल्लं कुणाकडे जातात, हे त्यांत कुठं नाही. आपण मोठ्या माशाचा कायदा केला. त्याच्या बाळाचा पत्ता विचारायचा राहिला.

याची किंमत काय, ते एका उदाहरणानं सांगतो. मुंबईच्या ट्रॉलरांना पूर्वी वाळूत राहणारी चपटी शेवंड भरपूर मिळायची. बाहेर मागणी होती, भाव होता. अंडी बाळगणाऱ्या माद्याही पकडल्या गेल्या. 1994 पर्यंत ती मासेमारी जवळजवळ संपली. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ही घसरण आकड्यांनिशी नोंदवली आहे. अशा वेळी खातं काय करू शकतं? मुंबईसमोरच्या शेवंडीची पिल्लं मुंबईसमोरच राहत असतील, तर इथल्या माद्या वाचवल्या की काम होईल. ती गुजरातकडून येत असतील, तर इथं कितीही कडक बंदी केली तरी उपयोग थोडा. वेरावळशी बोलावं लागेल. दोन्ही उपाय एकाच रोगावरचे आहेत, पण निदानाशिवाय कुठला द्यायचा?

दुसरं उदाहरण मालवणचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. तेव्हापासून आजपर्यंत स्थानिक मच्छीमारांचा आणि त्याचा सूर जुळलेला नाही. लोकांना दोष देणं सोपं आहे. पण ‘या जागेतून तुमच्या रापणीत किती मासा येतो’ हे त्यांना कुणी मोजून दाखवलं असतं, तर वाद वेगळ्या पातळीवर झाला असता. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव तिला चिकटलेलं. तिथं प्रवाळ आहे, मासा आहे. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतच पोचतो, त्यामुळे आंग्रिया आपल्या हद्दीबाहेर आहे. पण तिथलं पिल्लू मालवणच्या खडकावर येऊन वाढत असेल, तर ती आपल्या हिताची जागा ठरते आणि केंद्राकडे तिच्यासाठी भांडायला आपल्याकडे पुरावा असतो. येत नसेल, तर तेही कळलेलं बरं.

तिसरं उदाहरण नाजूक आहे, तरी टाळत नाही. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर हवं की नको, हा या पत्राचा विषय नाही. पण समुद्रात भराव घालताना आपण तिथं राहणारे जीव मोजतो. तिथून जाणारी आणि तिथं काही आठवडेच मुक्काम करणारी पिल्लं मोजायला वेगळी तपासणी लागते, आणि ती भराव पडण्याआधी करायची असते, नंतर नव्हे. शिवाय पिल्लं जहाजातूनही प्रवास करतात. जहाज तोल सांभाळायला पोटात समुद्राचं पाणी घेतं आणि दुसऱ्या बंदरात सोडतं. त्या पाण्यातून आणि जहाजाच्या बुडाला चिकटून कॅरिबियनकडच्या एका छोट्या शिंपल्याची जात मुंबईत आणि विशाखापट्टणमला येऊन ठाण मांडून बसली आहे. जहाजांतून सोडल्या जाणाऱ्या या पाण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार 2017 पासून लागू आहे. बंदरं वाढवणाऱ्या राज्यानं त्याकडे मत्स्यखात्याचा विषय म्हणूनही पाहायला हवं.

यावर आपले अधिकारी दोन आक्षेप घेतील, आणि ते रास्त आहेत.

पहिला : हे परदेशातल्या प्रवाळांवरचं शास्त्र आहे. तिथं पाणी काचेसारखं, मासे मोजके. आपला समुद्र गढूळ आणि बांगडे कोट्यवधी. आईबाप जुळवणार कसे? बरोबर आहे. बांगड्यासाठी डीएनएची ती रीत चालणार नाही. कोट्यवधी आईबापांतून एक जोडी शोधणं व्यवहारात अशक्यच. म्हणून सुरुवात फारशी जागा न सोडणाऱ्या जीवांपासून करावी : गोबरा, शेवंड, चिंबोरी, कालवं. शेवंड आणि चिंबोरी कात टाकतात, त्यांच्या अंगात जन्मापासूनचा खडा टिकत नाही. त्यांच्यासाठी डीएनए आणि प्रवाहाचं गणित. पापलेट-ढोमीसारख्यांसाठी कानातला खडा. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, तेरेखोल या नद्यांचं पाणी खड्यात निरनिराळी खूण सोडतं का, हे तपासणं ही पहिली पायरी. ती पार पडली, तर बाजारातल्या माशाचं गाव सांगता येईल.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. ही विद्या आपल्याला परकी नाही, हे इथं सांगायला हवं. 1960 च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत गोळा झालेले सूक्ष्म जीव वेगळे करण्यासाठी 1962 मध्ये कोचीनला खास केंद्र उभं राहिलं. भारतीय तरुण-तरुणींनी सूक्ष्मदर्शकाखाली बसून माशांची आणि खेकड्यांची डिंभं वेचून काढली. त्या मोहिमेतूनच 1966 मध्ये गोव्याची समुद्रविज्ञान संस्था जन्मली. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, रत्नागिरीत शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, हैदराबादला समुद्राच्या प्रवाहांचे अंदाज देणारी केंद्राची संस्था आहे. माणसं आहेत, शास्त्र आहे. त्यांना एका कामाला जुंपणारा हात हवा.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत.

डहाणू ते वेंगुर्ला या पट्ट्यात पाच-सहा ठरावीक जागी, दर महिन्याला, बारीक जाळीनं पाणी गाळावं आणि पिल्लांची जात, संख्या, लांबी लिहून ठेवावी. ही नोंद निदान दहा वर्षं खंड न पडता चालावी. श्मिट यांची पट्टी आपल्यालाही पुरेल. या कामावर बाहेरून माणसं आणण्याऐवजी डोलकरांना आणि रापणकरांना मानधन देऊन घ्यावं. त्यांचं जाळं रोज एकाच जागी पाण्यात असतं आणि कुठल्या भांगाला कुठलं पिल्लू येतं, हे त्यांना कुठल्याही प्राध्यापकापेक्षा आधी कळतं.

धक्क्यांवर उतरणाऱ्या निवडक माशांच्या कानातले खडे आणि पराचे तुकडे जपून ठेवणारं एक भांडार उभं करावं. आज तपासायला पैसे नसले तरी चालेल. नमुना कपाटात असेल तर दहा वर्षांनी तपासता येईल. न ठेवलेला नमुना कुणालाही परत आणता येत नाही.

गुजरात, गोवा आणि कर्नाटक यांच्या मत्स्यखात्यांबरोबर वर्षातून एकदा बसावं, आणि त्या बैठकीत परराज्यातल्या ट्रॉलरांच्या घुसखोरीबरोबरच पिल्लांच्या वाटाही टेबलावर याव्यात. बोटी अडवता येतात, प्रवाह अडवता येत नाही.

आणि किनाऱ्यावर नवं अभयारण्य, नवं बंदर किंवा मोठा भराव ठरवण्याआधी तिथली पिल्लं किमान एक पावसाळा आणि एक हिवाळा मोजली जावीत. प्रवाह दोनदा उलटतो, तेव्हा एका ऋतूच्या मोजणीनं काम होणार नाही.

यातलं काहीही पूर्ण होईपर्यंत आजची बंदी थांबवू नये, सैलही करू नये. नकाशा नाही म्हणून कुणी गलबत बुडवत नाही. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ देऊन मगच समुद्रात जाणाऱ्या कोळ्यांनी हा संयम सरकारी आदेशाच्या किती तरी आधीपासून पाळला आहे. तो संयम डोळस व्हावा, एवढंच माझं मागणं.

शेवटी पुन्हा मालवणच्या त्या गृहस्थांकडे येतो. त्यांनी अनुदान मागितलं नाही, बंदी उठवा असंही म्हटलं नाही. त्यांनी हिशेब मागितला. बँक कर्जदाराला वर्षाअखेरीला उतारा देते. समुद्रात दोन महिन्यांची कमाई ठेवणाऱ्या माणसाला तो का मिळू नये?

दर वर्षी बंदीचा आदेश निघतो. तो मच्छीमार संस्थांच्या फळ्यांवर लागतो, धक्क्यांवर वाचला जातो. त्या आदेशाच्या शेवटी एक परिच्छेद असावा : गेल्या वर्षी तुम्ही सोडलेल्या माशांची पिल्लं कुठं सापडली, किती सापडली, आणि त्यांतली तुमच्या किनाऱ्याला किती आली. पहिल्या वर्षी त्यात दोनच ओळी असतील. चालतील. पण त्या छापल्या जाव्यात, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक,
जिल्हा सिंधुदुर्ग